जर्मनीत लेकरू वाढवायला खर्च किती? उपनगरातल्या कुटुंबासाठी रोखठोक हिशेब

साठ हजार युरोंचं पॅकेज म्हणजे वर्षाला साठ लाख रुपये! अंधेरीच्या ऑफिसात स्टुटगार्टची ऑफर आली की संध्याकाळी बोरिवलीच्या घरी पहिला गुणाकार हाच होतो. मग सासरी फोन, माहेरी फोन आणि सोसायटीत बातमी. गुणाकार चुकीचा नाही, पण त्यावर वजाबाकी व्हायची असते. पदरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर ती वजाबाकी एकट्या माणसाच्या हिशेबाहून फार वेगळी निघते.

हा प्रश्न आता फक्त आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांच्या घरांतही जर्मनीची चर्चा सुरू झाली. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, म्हणून खालच्या हिशेबात तेच शहर डोळ्यांपुढे ठेवलं आहे. सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. सरकारी दर २०२६चे आहेत. घरभाडं, किराणा, कपडे यांचे आकडे अंदाजाचे समजा.

हातात काय पडतं

वर्षाला साठ हजार म्हणजे महिन्याला ५,००० युरो. त्यातून पेन्शन, बेकारी विमा, आरोग्य विमा, शुश्रूषा विमा आणि आयकर कापून जातो. नवरा-बायको दोघं जर्मनीत राहत असतील आणि एकच कमावत असेल तर करवर्ग तीन मिळतो आणि हातात साधारण ३,५०० युरो येतात. जोडीदार मुंबईतच असेल तर सहसा वर्ग एक लागतो आणि हातात ३,१०० ते ३,२०० उरतात. ‘मी एकटा पुढे जातो, तुम्ही वर्षभराने या’ असं ठरवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. दर महिन्याला तीनशे युरो म्हणजे बोरिवलीच्या वन बीएचकेच्या भाड्यातला चांगला मोठा हिस्सा झाला.

ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, २०२६मध्ये किमान पगार ५०,७०० युरो लागतो. टंचाईच्या व्यवसायांत आणि नव्या पदवीधरांना ४५,९३४ चालतात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-१ परीक्षा आधी द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यावर नोकरी करायला आडकाठी नसते. तरीही ए-१ करून जा, असा आग्रह धरेन. किटातल्या, म्हणजे तिथल्या बालवाडीतल्या, ताईशी आणि बालरोगतज्ज्ञाच्या स्वागतकक्षातल्या बाईंशी रोजचं बोलणं नोकरीवाल्याच्या वाट्याला येत नाही, घरी असलेल्याच्याच वाट्याला येतं. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग चालतात. घाटकोपरकरांनी मेट्रो-१ने मरोळ नाक्याला उतरून मेट्रो-३ धरली तर हुतात्मा चौकापर्यंत सरळ जाता येतं.

पगाराशिवाय दुसरी आवक म्हणजे किंडरगेल्ड, अर्थात सरकारकडून प्रत्येक मुलामागे महिना २५९ युरो. उत्पन्न कितीही असो, रक्कम तीच. ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना असला की परदेशी कुटुंबालाही हक्क आहे. विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी हा पैसा हिशेबात धरूच नये. पैसे आपोआप येत नाहीत, फामिलीएनकासे नावाच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी पालकाचा व मुलाचा करक्रमांक लागतो. तो टपालाने येतो.

या टपालाची एक गंमत आहे. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतात, टपाल आडनावावर येतं. पत्रपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. नव्या घरात गेल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम हेच. घरात देव मांडायच्या आधी पत्रपेटीवर कागदाची पट्टी लावा.

विमानात बसण्याआधी आणि उतरल्यावर

सुरुवातीचे पैसे मुंबईतूनच जातात. प्रौढांचा पासपोर्ट १,५०० रुपये, अल्पवयीन मुलाचा १,००० रुपये आणि मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. राष्ट्रीय व्हिसाची फी प्रौढांना ७५ युरो, मुलांना साडेसदतीस. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. तिकिटांत दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसवलं तर साधारण दहा टक्के भाडं पडतं. दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते, म्हणून बाळाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल तर प्रवासाची तारीख आधी ठरवा आणि केक तिथे जाऊन कापा. तिघांची एकेरी तिकिटं हंगामाप्रमाणे सव्वा ते पावणेदोन लाखांत बसतात.

कागदांत सगळ्यात जास्त रखडपट्टी होते ती नावांपायी. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं असायला हवं, कारण कित्येक दाखल्यांवर ती जागा कोरीच राहिलेली असते. आईचं नाव दाखल्यावर लग्नानंतरचं आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचं, असं आपल्याकडे सर्रास असतं. तिकडच्या कार्यालयात मात्र त्या दोन वेगळ्या बाया ठरतात. दुरुस्ती करायची तर ज्या वॉर्डात जन्म नोंदला तिथेच जावं लागतं. अंधेरीला के पूर्व किंवा के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन. इथे खर्च पैशांचा नगण्य असतो, पण हेलपाटे बरेच पडतात. व्हिसाची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच हे उरकून टाका. विवाह नोंदणी केलेली नसेल तर तीही.

पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं. जर्मन कार्यालय दोन्ही नावं मिळून मुलाचं पाळण्यातलं नाव समजतं. किटातल्या खुंटीवर मुलाच्या चिठ्ठीखाली बापाचं नाव झळकलं तर दचकू नका.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. १ मार्च २०२०पासून जर्मनीत किटा आणि शाळेसाठी गोवराची लस सक्तीची आहे. वर्षाच्या मुलाला एक डोस आणि दोन वर्षांनंतर दोन डोस दाखवता आले नाहीत तर किटात प्रवेश नाही. आपल्याकडे नऊ महिन्यांना आणि सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला हे डोस होतात. तारखा नीट वाचता येतील अशा, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्या. डॉक्टरांचं अक्षर आपल्याला लागत नाही, तर जर्मन माणसाला कुठून लागणार?

उतरल्यानंतरचा खर्च बराच मोठा असतो. कायमचं घर मिळेपर्यंतचा सामानासकट फ्लॅट महिना १,५०० ते २,५०० युरो. मग स्वतःच्या घराचं डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं ‘थंड भाडं’, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून केलेलं भाडं. ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, घरमालकापुढे संकोचू नका. दलालीची चिंता बहुधा नसते, कारण २०१५पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असा कायदा आहे. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखी दरवर्षी घर सोडायची टांगती तलवारही नसते.

मात्र घर म्हणजे चार भिंतीच. बऱ्याच फ्लॅटांत स्वयंपाकघर नसतं. ओट्याच्या जागी उघडी भिंत, त्यातून डोकावणारे दोन नळ आणि शेगडीच्या वायरचं टोक, एवढंच. छतावर दिव्यांच्याही नुसत्या वायरी लोंबत असतात. साधं स्वयंपाकघर बसवायला दीड ते तीन हजार युरो लागतात. आधीच्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर आहे तसं विकत घेता आलं तर जरूर घ्या, घासाघीस करायला हरकत नसते. पाळणा, बाबागाडी, उंच खुर्ची ही नवी घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ‘क्लाइनआन्त्साइगेन’ या ॲपवर आणि वसंत-शरदातल्या मुलांच्या जुन्या बाजारांत चांगल्यातली चांगली बाबागाडी निम्म्या-पाव किमतीत मिळते. जुनं वापरण्यात तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

हे सगळं धरून तिघांच्या कुटुंबाने नऊ ते दहा लाख रुपये हाताशी ठेवूनच निघावं. पहिला पगार महिनाअखेरीस येतो, डिपॉझिट मात्र आधी द्यावं लागतं. मुंबईतून पैसे पाठवायचे तर आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जात नाही. कंपनी स्थलांतराचा खर्च देत असेल तर तो ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. तोंडी ‘वुई विल सपोर्ट’ला काडीचा अर्थ नाही.

किटा

मूल एक वर्षाचं झालं की किटाच्या, म्हणजे बालवाडी आणि पाळणाघर एकत्र असलेल्या संस्थेच्या, जागेवर त्याचा कायदेशीर हक्क असतो. हा हक्क १ ऑगस्ट २०१३पासून आहे. प्रत्यक्षात शिक्षिकांची टंचाई आहे आणि मोठ्या शहरांत सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. हक्क आहे म्हणून जागा ठेवलेली असेल, असं समजून जाऊ नका.

फीचं गणित राज्याराज्यांत बदलतं आणि संपूर्ण खर्चात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. बर्लिनमध्ये २०१८पासून किटाची फी नाही, जेवणाचे महिना २३ युरो भरायचे. हॅम्बुर्गमध्ये दिवसाचे पाच तास जेवणासकट मोफत. ऱ्हाइनलँड-फाल्झमध्ये दोन वर्षांपुढे फी नाही. हेसनमध्ये, म्हणजे फ्रँकफुर्टच्या राज्यात, तीन वर्षांपुढे रोजचे सहा तास मोफत. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात शाळेआधीची शेवटची दोन वर्षं मोफत, त्याआधी उत्पन्नाप्रमाणे. आणि आपलं भगिनी शहर ज्या राज्यात आहे, तिथे मात्र फी भरावी लागते. तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी स्टुटगार्टच्या आसपासच्या गावांत जेवणासकट महिना ४०० ते ५०० युरो सहज जातात. दोन कंपन्यांच्या ऑफर हातात असतील आणि पगारात दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर ज्या राज्यात किटा फुकट ते राज्य निवडावं. कर कापून झाल्यावर तो पगारातला फरक किटाच्या फीपुढे टिकत नाही.

मुंबईच्या नर्सरीशी तुलना करायची असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिथे एबीसीडी शिकवत नाहीत. मुलं पावसात चिखलात खेळतात, झाडावर चढतात आणि सुरीने काकडी कापतात. घरी फोटो पाठवलात की आजी विचारणारच, ‘अभ्यास कधी घेतात?’ अभ्यास सहाव्या वर्षी, शाळेत. सरकारी शाळा मोफत असते आणि मूल शाळेत घालणं सक्तीचं असतं, घरी शिकवायची मुभा नाही. ऑगस्ट २०२६पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सांभाळाचाही कायदेशीर हक्क मिळतो आहे आणि पुढे दरवर्षी एकेक इयत्ता त्यात येईल.

खाण्याबाबत नीट बोलून घ्या. बऱ्याच किटांत शाकाहारी जेवण मिळतं, पण अंडं चालतं का, मासे चालतात का, हे ते विचारतात आणि तुमच्या उत्तराप्रमाणे काटेकोर वागतात. नजर ठेवायची ती जेलीच्या गोळ्यांवर. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या अस्वलाच्या आकाराच्या त्या रंगीत गोळ्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं.

सांभाळणार कोण?

ऑफरवर चर्चा करताना हा प्रश्न कुणीच मांडत नाही, आणि खरा खर्च नेमका इथेच होतो.

मुलुंडला किंवा घाटकोपरला दोघं नोकरी करतात ती कुणाच्या जिवावर? खालच्या मजल्यावरची आजी, पंधरा-वीस हजारांत दिवसभर येणारी बाई, सात-दहा हजारांचं पाळणाघर, पोळ्यांच्या मावशी. जर्मनीत २०२६चं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. महिन्याला १६० तासांसाठी बाई ठेवायची म्हटली तर नुसतं वेतन २,२२४ युरो, म्हणजे सव्वादोन लाख रुपये, वर विमा वेगळा. दिवसभराची बाई हा पर्यायच तिथे मध्यमवर्गाला उपलब्ध नाही, म्हणून डोक्यातून काढून टाका. शनिवारी संध्याकाळी दोन तास मुलाजवळ बसणारी कॉलेजची मुलगी मात्र मिळते, तासाला बारा ते पंधरा युरोंत.

किटात जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी मूल सोडून ऑफिस गाठता येत नाही. आधी ‘आइनगेव्होनुंग’, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. पहिले काही दिवस आई किंवा बाबाने मुलासोबत तासभर तिथेच बसायचं, मग पंधरा मिनिटं बाहेर जाऊन यायचं, मग अर्धा तास, असं वाढवत नेतात. दोन आठवडे तरी जातात, महिना लागला तरी कुणी घाई करत नाही. ‘रडू दे, दोन दिवसांत सवय होईल’ हे आपलं शास्त्र तिथे चालत नाही. पद्धत मुलाच्या दृष्टीने उत्तम आहे, पण त्या काळात एका पालकाला नवी नोकरी सुरू करता येत नाही. किटाची वाट पाहण्याचे महिने आणि हे आठवडे मिळवले तर दुसरा पगार वर्षभर तरी येणार नाही असं धरून चाला. मुंबईत जोडीदार महिना ऐंशी हजार कमावत असेल, तर वर्षाचे साडेनऊ लाखांहून जास्त रुपये जर्मनीच्या खात्यातून वजा करा. ऑफरच्या गुणाकारात हा आकडा कुणीच मांडलेला नसतो.

शिवाय पहिला हिवाळा. किटात जायला लागलेलं मूल ऑक्टोबर ते मार्च या काळात सतत आजारी असतं. ताप असेल तर किटा मुलाला घेत नाही, तापाच्या औषधावर दामटून पाठवायची सोय नाही. त्यासाठी कायद्याने सोय ठेवली आहे. सरकारी योजनेतल्या आरोग्य विम्यात असलेल्या प्रत्येक पालकाला मुलाच्या आजारपणासाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवसांची रजा मिळते आणि त्या दिवसांचा बुडालेला निव्वळ पगार बव्हंशी, साधारण नव्वद टक्के, विमा कंपनी देते. आई-बाबांचे मिळून तीस दिवस झाले. ही रजा वडिलांनी घेतली तर ऑफिसात कुणी भुवया उंचावत नाही, तेव्हा ती अर्धी-अर्धी वाटून घ्या.

डॉक्टर

हा भाग थोडक्यात आटपतो, कारण इथे खर्चच जवळजवळ नाही. सरकारी योजनेतला विमा असेल तर न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. बालरोगतज्ज्ञाची फी नाही, लसी मोफत, ठरावीक वयाच्या तपासण्या मोफत, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधंही मोफत. अंधेरीत एका तापाला तपासणी, रक्त आणि औषधं मिळून दोन-तीन हजार घालवणाऱ्या पालकांना पहिल्यांदा हे खरं वाटत नाही.

नव्या रुग्णांना घेणारा बालरोगतज्ज्ञ शोधणं मात्र अवघड. घर मिळाल्याबरोबर मूल ठणठणीत असतानाच नाव नोंदवा. रात्री-अपरात्री पण जिवावरचं नसेल तर ११६११७, आणीबाणीला ११२. अँटिबायोटिक सहजी लिहून देत नाहीत. तापावर पॅरासिटामॉल देतात ते पुष्कळदा सपोझिटरीच्या रूपात, तेव्हा बाटली मिळाली नाही म्हणून भांबावू नका.

खासगी विम्याचा एजंट हमखास भेटेल. वर्षाला ७७,४०० युरोंच्या वर पगार गेला की खासगीत जायची मुभा मिळते आणि एकट्या तरुणाला तो स्वस्तही पडतो. कुटुंबवाल्याने तिकडे फिरकू नये. तिथे बायको आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा असतो, आणि परतीची वाट सोपी नाही.

डबा, डायपर, दगला

किराणा घाबरवणारा नाही. दूध लिटरला एक ते सव्वा युरो, दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडचा डायपर वीस सेंटच्या आत पडतो. तूरडाळ, पोहे, आट्याची पोती आशियाई दुकानांत मिळतात, किंमत मुंबईच्या दुप्पट धरा. तिघांना महिना ५५० युरो पुरतात, हॉटेल वेगळं. बॅगेत काय न्यायचं यावर आयांची यादी लांबते, पण भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस युरोपीय संघात नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा सगळं कस्टमवाले काढून घेऊ शकतात. तिकडच्या बिनमिठाच्या लोण्याच्या दोन वड्या मंद आचेवर कढवल्या की पावशेराहून चांगलं जास्त रवाळ तूप निघतं. तेव्हा तुपाची जागा कुकर, पोळपाट-लाटणं आणि मसाल्यांना द्या.

कपड्यांवर पहिल्या वर्षी पैसे जातात. किटात प्रत्येक मुलाच्या खुंटीवर मात्शहोजे, म्हणजे चिखलात लोळायची रबरी पँट, गमबूट आणि थंडीत आख्खा बर्फसूट असायलाच हवा. सगळं मिळून दीडशे ते दोनशे युरो, जुनं घेतलं तर त्याच्या निम्मं. बोरिवली स्टेशनबाहेरून घेतलेली जाड स्वेटरं तिथे उपयोगाची नाहीत. वारा आणि पाणी अडवणारा एकच थर हवा, तो तिथेच घ्या. मापही एकच मोठं घ्या, दोन नको. पुढच्या हिवाळ्यापर्यंत झिप तुटलेली असते.

खेळायला मैदानं फुकट आहेत आणि भरपूर आहेत. ग्रंथालयाचं मुलांचं कार्ड बहुतेक ठिकाणी मोफत असतं. सहा वर्षांखालच्या मुलाला बस-ट्रामचं तिकीट लागत नाही. मुंबईत मॉलच्या प्ले-झोनमध्ये तासाला चारशे-पाचशे रुपये मोजणाऱ्यांची इथे चांगली बचत होते.

महिन्याअखेर

आता सगळं एकत्र मांडू. स्टुटगार्टच्या परिसरातलं तिघांचं कुटुंब, बाळ दोन वर्षांचं, कमावणारा एक. आवक ३,५०० अधिक किंडरगेल्ड २५९, म्हणजे ३,७५९ युरो. तीन खोल्यांच्या, आपल्या भाषेत टू बीएचकेच्या, घराचं हीटिंगसकट भाडं १,५००. वीज, इंटरनेट आणि दोन फोन १३०. घरटी सक्तीची प्रसारण वर्गणी १८.३६, टीव्ही नसला तरी भरायची. किराणा ५५०. किटा आणि तिथलं जेवण ४५०. देशभर चालणाऱ्या डॉइचलांडटिकेटचे माणशी ६३, म्हणजे दोघांचे १२६. डायपर-कपडे १००. कुटुंबाचा दायित्व विमा साधारण सात युरो. तो सक्तीचा नाही, पण मुलाने शेजाऱ्याच्या गाडीवर दगडाने चित्र काढलं तर तोच कामी येतो. किरकोळ, हॉटेल, सहली २५०. वर्षातून एकदा मुंबईला यायच्या तिकिटांसाठी महिना २०० बाजूला. बेरीज ३,३३१ युरो. शिल्लक राहतात ४२८ युरो.

साठ लाखांच्या पॅकेजमधून महिना त्रेचाळीस हजार रुपये! आकडा वाचून हिरमोड होईल. पण यात आरोग्य विमा भरलेला आहे, पेन्शन भरलेली आहे आणि पुढच्या शाळेची फी शून्य आहे. हेच कुटुंब बर्लिनला असतं तर किटाचे सव्वाचारशे वाचून शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली असती. म्युनिकला असतं तर भाड्यानेच ती खाल्ली असती. आणि दुसरा पालक अर्धवेळ जरी कामाला लागला तरी सगळं गणित पालटतं. म्हणून एका पगाराची वर्षं जितकी कमी, तितकं बरं.

आजी-आजोबांना बोलवायचं तर

पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. फी माणशी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, आणि तुम्ही खर्चाची हमी घेणार असाल तर तिथल्या कार्यालयातल्या हमीपत्राचे २९ युरो. १ मार्च २०२४नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणि सासू-सासऱ्यांना कायमचं बोलवायची सोय कायद्यात आली आहे. मात्र साठी-सत्तरीच्या माणसाला तिकडचा आरोग्य विमा घ्यावा लागतो आणि तिथेच घोडं अडतं.

आजीला बोलवा ती नातवंडासाठी, पाळणाघर म्हणून नको. नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, रस्त्यावर बोलायला माणूस नसतो, रविवारी दुकानं बंद. मुलुंडच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चार मैत्रिणींना भेटणारी बाई तिथे तिसऱ्या आठवड्यात कंटाळते. मे ते जुलै हा काळ उत्तम. तेव्हा मुंबईतल्या उकाड्यातूनही सुटका होते.

काही वर्षांनी परत यायचा विचार असेल तर मुलाचं वय डोळ्यांपुढे ठेवा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात आणि २०२०च्या कायद्यानुसार इथल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकावंच लागतं. किटात जर्मन आपोआप येतं, मराठी तुम्हाला घरी बोलावी लागेल. तिला फी नाही.

माझं मत विचाराल तर साठ हजारांची ऑफर आणि तीनच्या पुढचं मूल असेल तर खुशाल जा. पंचेचाळीस-सेहेचाळीस हजार, बाळ वर्षाचं आणि शहर म्युनिक असेल तर आधी एकट्याने जाऊन घर मिळवा, मगच कुटुंब न्या. आणि पोचल्यावर किंडरगेल्डचा अर्ज लांबणीवर टाकू नका. मागची थकबाकी फक्त सहा महिन्यांचीच मिळते, त्याआधीचे पैसे बुडतात.